आपण झाडाचा कोणता अवयव विकतो?

"डाळिंबाची फुलं गळतायत, काय फवारू?" बहार धरल्यानंतर बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या कृषी सेवा केंद्रांत हा प्रश्न हमखास ऐकू येतो. बाटली लगेच मिळते. पण गळालेली फुले नर होती की फळ धरणारी, हे बहुतेक वेळा कोणी वाकून पाहिलेले नसते. डाळिंबाच्या एकाच झाडावर दोन्ही प्रकारची फुले येतात. नर फुले परागकण देतात आणि गळतात. ती झाडाची रीत आहे, त्यावर औषध नाही आणि त्याची गरजही नाही. फळ धरणारी फुले गळत असतील तर मात्र पाणी, अन्नद्रव्य किंवा कीड यांपैकी काहीतरी बिनसले आहे. हा फरक ओळखायला एक ब्लेड आणि दोन मिनिटे पुरतात.

सपुष्प वनस्पतीची आकृती आपण शाळेत काढतो, नावे देतो, गुण मिळवतो आणि विसरून जातो. तिची खरी गरज शेतात पडते, कारण प्रत्येक पीक म्हणजे झाडाच्या एका ठरावीक अवयवाचा व्यापार असतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांना आपण उसाचे खोड घालतो. कांद्याच्या गोणीत पानांचे फुगलेले तळ असतात. निमगाव केतकीच्या पानमळ्यातून पान जाते. डाळिंबाचे गिऱ्हाईक बियांवरच्या रसाळ आवरणाचे पैसे मोजते. ज्वारी आणि मक्याचा दाणा हे अख्खे फळ आहे. गोठ्यासाठी मुरघास करणारा मात्र मक्याचे जवळजवळ सगळे झाड वापरतो. विकायचा अवयव कोणता, तो झाडात कधी ठरतो आणि कधी भरतो, एवढे कळले की खत, पाणी, छाटणी आणि फवारणीचे निम्मे प्रश्न सुटतात.

आधी हात बसवा

दहापट मोठे दाखवणारे भिंग, नवे ब्लेड आणि एक वही जवळ ठेवा. सुरुवात परसातल्या जास्वंदीपासून करा, तिचे सगळे भाग मोठे आणि सुटे दिसतात. देठाच्या टोकाला पुष्पाधार, त्यावर हिरवा निदलपुंज, मग रंगीत पाकळ्यांचा दलपुंज. जास्वंदीत निदलपुंजाच्या बाहेर बारीक हिरव्या पानांचे आणखी एक कडे असते, ते मोजताना गोंधळू नका. मधल्या लांब नळीवर पिवळ्या परागकोषांचे पुंकेसर म्हणजे पुमंग. नळीतून बाहेर आलेली पाच गोल टोके म्हणजे कुक्षी. तिथून खाली कुक्षीवृंत आणि तळाशी अंडाशय, हे सगळे मिळून जायांग. अंडाशय आडवा कापला की आतले कप्पे आणि पांढरी बीजांडे भिंगातून दिसतात.

यानंतर कोणत्याही पिकाचे फूल हातात घेतले की तीन गोष्टी तपासा. पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही आहेत का? अंडाशय भरदार आहे का? तो पाकळ्यांच्या वर आहे की खाली? पेरू, डाळिंब, काकडी यांचा अंडाशय खाली असतो. म्हणून पेरूच्या टोकाला सुकलेला निदलपुंज राहतो आणि डाळिंबाच्या डोक्यावर मुकुट.

मूळ : पांढरी मुळी कुठे चालते?

पाणी आणि अन्नद्रव्ये शोषण्याचे मुख्य काम मुळाच्या कोवळ्या टोकामागच्या मूलरोमांचे. शेतकरी ज्याला पांढरी मुळी म्हणतो तो हाच भाग. जाड तपकिरी मुळे झाडाला धरून ठेवतात आणि रस वाहून नेतात, शोषण फारसे करत नाहीत. फळबागेत होणारी सर्वसाधारण चूक इथलीच आहे. लागवडीच्या वेळी खोडाजवळ ठेवलेली ठिबकची नळी झाड मोठे झाल्यावरही तिथेच राहते. पांढरी मुळी तोवर झाडाच्या घेराकडे सरकलेली असते. दुपारी झाडाची सावली जिथे संपते तिथे खुरप्याने हळूच माती उकरा. पांढरी मुळी जिथे दाट दिसेल तिथे ड्रिपर न्या, खतही तिथेच द्या. खोडाशी सतत ओल राहिली तर बुरशीला आयते घर मिळते.

मुळाला हवाही लागते. निरा डावा कालवा १८८५ मध्ये वाहू लागला आणि पुढे वर्षानुवर्षे भरपूर पाणी मिळालेल्या काळ्या जमिनी ठिकठिकाणी चोपण आणि खारवट झाल्या. अशा जमिनीत पाणी असूनही पीक सुकल्यासारखे दिसते. तिथे पाणी वाढवण्याआधी झाड उपटून मूळ पाहा. ते तपकिरी, बुळबुळीत असेल आणि वास येत असेल तर मुळी गुदमरली आहे. मग पाणी तोडा आणि निचऱ्याचा चर काढा.

मुळावर गाठी दिसल्या की लगेच घाबरू नका. हरभरा आणि सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्या असतात. त्या बोटाने सहज सुटतात आणि काम करत असतील तर आतून गुलाबी दिसतात. डाळिंब, पेरू, टोमॅटोच्या मुळावर मूळच जागोजाग फुगलेले असेल आणि गाठ सुटी होत नसेल, तर तो सूत्रकृमीचा उपद्रव आहे.

खोड : डोळा, पेर आणि आतल्या वाहिन्या

ऊस हे खोड वाचायला शिकण्याचे सर्वांत सोपे पुस्तक. पान जिथे चिकटलेले असते ते पेर, दोन पेरांमधले कांडे. प्रत्येक पेरावर एक डोळा आणि त्याभोवती बारीक ठिपक्यांचे कडे असते. टिपरी लावली की आधी या ठिपक्यांतून मुळ्या सुटतात, डोळ्यातून कोंब येतो आणि कोंबाला पुढे स्वतःची मुळे फुटतात. म्हणून बेणे निवडताना डोळ्याइतकेच ठिपक्यांच्या कड्याकडेही लक्ष द्या. फार जून उसावर ते आधीच फुटून वाळलेले असते. नऊ-दहा महिन्यांचे, खास बेण्यासाठी वाढवलेले बेणे घ्या आणि टिपरी डोळे बाजूला येतील अशी ठेवा. डोळा खाली दबला तर उगवण उशिरा आणि वाकडी होते.

कांड्यांची लांबी म्हणजे पिकाने स्वतः लिहून ठेवलेला पाण्याचा हिशेब. तोडणीच्या वेळी एक ऊस बुडख्यापासून वाड्यापर्यंत निरखा. मध्येच चार-पाच कांडी आखूड दिसली तर त्या काळात पिकाला ताण पडला होता. कालव्याचे आवर्तन कधी लांबले होते ते आठवा आणि पुढच्या वर्षी त्या काळासाठी पाण्याची सोय करून ठेवा.

खोडाच्या आत दोन वाटा असतात. जलवाहिन्या मुळाकडचे पाणी वर नेतात, रसवाहिन्या पानात तयार झालेली साखर खाली आणि फळाकडे नेतात. द्राक्षात गर्डलिंग करताना सालीचे बारीक वलय काढतात, तेव्हा रसवाहिन्या तुटतात आणि जलवाहिन्या शाबूत राहतात. पानातली साखर मुळाकडे न जाता घडात थांबते आणि मणी फुगतो. चाकू खोल गेला तर जलवाहिन्याही तुटतात आणि वेल सुकते. जखम भरेपर्यंत मुळी उपाशी राहते, म्हणून अशक्त वेलीवर गर्डलिंग करू नये.

डाळिंबाचे झाड एकाएकी पिवळे पडून सुकायला लागले तर बुंध्याजवळची फांदी किंवा मूळ उभे चिरून पाहा. आतल्या लाकडात गडद तपकिरी-करडे डाग असतील तर मर रोगाची बुरशी जलवाहिन्यांत शिरली आहे. बुंध्यावर टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे आणि भुसा दिसला तर खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचा संशय घ्या. वरून दोन्ही झाडे सारखीच दिसतात, उपाय मात्र वेगळे आहेत.

केळीचे उभे दिसणारे खोड हे खोड नाहीच. एकात एक बसलेल्या पानांच्या तळांचा तो खांब आहे. खरे खोड जमिनीतला कंद. घडाला किती फण्या येणार हे कमळ बाहेर पडण्याच्या बरेच आधी आत ठरून जाते. उजनीच्या पाणपट्ट्यात केळी करणाऱ्यांनी म्हणूनच सुरुवातीच्या महिन्यांतल्या खतावर भर द्यावा. कमळ दिसल्यावर टाकलेले खत फळ फुगवायला मदत करील, फण्या वाढवणार नाही.

पान : जुने पिवळे की नवे?

पान पिवळे पडले म्हणजे युरिया कमी, हा समज सोडा. आधी पिवळे पान झाडावर कुठे आहे ते पाहा. नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम झाडात हलू शकतात. टंचाई आली की झाड ती जुन्या पानांतून काढून नव्याला देते, म्हणून खालची पाने आधी पिवळी पडतात. लोह आणि कॅल्शियम हलत नाहीत, त्यांची कमतरता शेंड्याकडच्या नव्या पानावर दिसते. चुनखडीच्या जमिनीत उसाच्या नव्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळट-पांढरा होतो. शेतकरी म्हणतो केवडा पडला. तिथे युरियाने काम होत नाही, लोह लागते.

पानाची श्वासाची दारे म्हणजे पर्णरंध्रे. बहुतेक फळझाडांत आणि भाज्यांत ती पानाच्या खालच्या बाजूला अधिक असतात. डाळिंबावरच्या तेल्या रोगाचे जिवाणू याच दारांतून आणि जखमांतून आत शिरतात. छाटणीनंतर किंवा पावसानंतर फवारणी लांबवू नये ती यासाठी. नोझल खालून वर धरा. वरून चकचकीत भिजलेले पान खालून कोरडे असेल तर निम्मे औषध वाया गेले.

द्राक्षबागेत देठ परीक्षण करतात तेव्हा पानाचा देठ म्हणजे पर्णवृंत तपासला जातो. फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा देठ घ्यायचा असतो. हाताला लागेल ते पान तोडून दिले तर अहवालाचा उपयोग होत नाही.

कांद्यात तर पानच पीक आहे. खरे खोड म्हणजे तळाची चपटी तबकडी, तिच्यावरच्या पानांचे तळ फुगून गड्डा होतो. फुलकिड्यांनी पात खाल्ली की गड्डा लहान राहतो, कारण थर भरायला अन्न पुरवणारे पान उरत नाही. निम्म्या माना पडल्या की काढणीची तयारी करा. मान जाड आणि हिरवी असताना काढलेला कांदा चाळीत टिकत नाही.

फूल : नर, मादी आणि दोन्ही

आता पुन्हा डाळिंब. फळ धरणाऱ्या फुलाचा तळ घागरीसारखा रुंद असतो. ते उभे कापले तर अंडाशय भरलेला, कुक्षीवृंत लांब आणि कुक्षी पुंकेसरांच्या बरोबरीने किंवा वर आलेली दिसते. नर फुलाचा तळ निमुळता, आकार घंटेचा, अंडाशय खुरटलेला आणि कुक्षीवृंत आखूड. बागेत फळ धरणाऱ्या फुलाला मादी कळी म्हणतात, पण ते फूल द्विलिंगी आहे, त्यात पुंकेसरही असतात. वेगवेगळ्या झाडांखालची मूठभर गळालेली फुले गोळा करून कापा. बहुतेक नर निघाली तर पैसे वाचवा. द्विलिंगी फुले गळत असतील तर ताण तोडल्यानंतरच्या पाण्याचे प्रमाण, रसशोषक किडी आणि अन्नद्रव्ये तपासा.

वेलवर्गीय पिकांत नर आणि मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ दिसते, नर फुलाच्या मागे नुसता देठ. कलिंगड, कारले, काकडीला आधी नर फुलेच येतात, पहिल्या आठवड्यात फळ धरत नाही म्हणून घाईने संजीवके मारू नका. खरबुजाच्या अनेक वाणांत फळ धरणारे फूल द्विलिंगी असते. फळ वाकडे किंवा एका बाजूने चपटे होत असेल तर कुक्षीवर परागकण कमी पडले असण्याची शक्यता मोठी. शेतात मधमाशा फिरतात का ते पाहा.

फवारणीची वेळ फूल उमलण्याच्या वेळेवर ठरवा. कलिंगड, काकडी, कारले सकाळी उमलतात, त्यांच्यावर सकाळी कीटकनाशक मारू नये, सायंकाळ बरी. दोडका मात्र सायंकाळी उमलतो. त्याच्यावर सायंकाळी फवारले तर परागीकरण करणारे कीटक ऐन कामाच्या वेळी मरतील. शेडनेट आणि पॉलिहाउसमधल्या परागीकरणाविना फळ धरणाऱ्या काकडीला मधमाशीची गरज नाही, तिथे हा नियम लागू होत नाही.

मक्याचा तुरा नर, कणीस मादी. कणसातून लोंबणारा प्रत्येक केस एका बीजांडाकडे जातो. ज्या केसावर पराग पडला त्याचाच दाणा भरतो. कणीस सोलून पाहा. टोकाकडे दाणे नसतील तर शेवटी बाहेर पडणाऱ्या केसांच्या वेळी किंवा दाणे भरताना ताण पडला. दाणे विखुरलेले असतील तर पराग कमी पडला किंवा अळीने केस खाल्ले. तुरा आणि केस येण्याच्या दिवसांत पाण्याची पाळी चुकवू नका.

सुप्या-मोरगावकडच्या जिरायतीत रब्बी ज्वारीची गोष्ट याच जातीची. शेवटच्या पानाच्या आवरणात कणीस फुगलेले असते त्या पोटरीच्या अवस्थेत आणि फुलोऱ्यात, एखादेच संरक्षित पाणी देण्याजोगे असेल तर ते तेव्हाच द्यावे. कणसावर फुले वरून खाली उमलत जातात, त्यामुळे दाणा कुठे भरला नाही यावरून ताण कधी पडला हे कळते.

फुलोरा : कुठे हवा, कुठे नको

मक्याला तुरा आला की आनंद, उसाला आला की तोटा. उसात आपण खोड विकतो. पावसाळ्याच्या शेवटी दिवस लहान होऊ लागले की उसाच्या शेंड्यातला वाढीचा कोंब फुलोऱ्यात बदलतो. नवे पान आणि नवे कांडे बंद. मग बाजूचे डोळे फुटतात, आत दशी पडते आणि वजन घटते. तुरा दिसल्यावर खताने तो मागे जात नाही. कारखान्याच्या शेतकी विभागाला लगेच कळवा आणि तुऱ्याच्या फडाची तोड आधी मागा. हाच तुरा पैदासकारांना मात्र हवा असतो. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत १९१२ पासून उसाचा संकर करून नवे वाण शोधण्याचे काम चालते. आपल्याकडच्या को ८६०३२ या वाणातला 'को' कोइमतूरचाच.

कांद्याचे डेंगळेही याच प्रकारचे. रोपवयात थंडी लागली की तबकडीतला कोंब फुलाचा दांडा काढतो आणि गड्ड्यात मध्ये पोकळी राहते. डेंगळे आलेले कांदे चाळीत भरू नका, आधी विका.

द्राक्षात बाळी आणि घड एकाच प्रकारच्या कोंबापासून तयार होतात. एप्रिल छाटणीनंतरच्या दिवसांत ऊन, अन्नसाठा आणि संजीवकांचे संतुलन अनुकूल असेल तर घड होतो, नसेल तर तो बाळीत जातो. ऑक्टोबर छाटणीनंतर घड जिरला म्हणून जी धावपळ होते तिचे मूळ उन्हाळ्यात असते. बोरी परिसरातल्या बागायतदारांनी ऑक्टोबर छाटणीआधी काडीतल्या डोळ्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून घ्यावी, म्हणजे काडी कितव्या डोळ्यावर कापायची हे कळते.

झेंडू, शेवंती, जरबेरा यांचे एक 'फूल' म्हणजे शेकडो बारीक फुलांचा गुच्छ. झेंडूची पाकळी ओढून काढली तर तिच्या तळाशी स्वतंत्र अंडाशय दिसतो. बाहेरची फुले आधी उमलतात, मधली नंतर. लांबच्या बाजारासाठी तोडताना मधला भाग पूर्ण उमलेपर्यंत थांबू नका.

फळ आणि बी

अंडाशयाचे फळ होते, बीजांडाचे बी. बी म्हणजे दोन पालकांची सरमिसळ, त्यामुळे बियांपासून लावलेली डाळिंबाची झाडे सारखी निघत नाहीत. हीच गोष्ट कधी फायद्याची ठरते. पुण्याच्या गणेशखिंड बागेत १९३६ साली डॉ. जी. एस. चीमा यांनी 'आळंदी' डाळिंबाच्या रोपांतून मऊ बियांचे झाड निवडले, तेच पुढे 'गणेश' झाले. शेतकऱ्याला मात्र एकसारखी बाग हवी असते. म्हणून डाळिंब गुटी कलमाने, ऊस टिपरीने लावतात, म्हणजे खोडाची नक्कल करतात. रोप घेताना ते बियांचे नाही ना, हे विचारा.

सोयाबीनचे बीजावरण पातळ असते आणि अंकुर त्याच्या अगदी खाली. पोती आपटली की वरून धड दिसणारे बी आतून मेलेले असते. घरचे बियाणे वापरणार असाल तर पेरणीआधी ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवा. ७० च्या खाली उगवले तर ते बियाणे वापरू नका.

नमुना नेताना

तरीही उलगडा झाला नाही तर शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्रात, कृषी विभागाच्या कर्मचाऱ्याकडे किंवा जवळच्या तज्ज्ञाकडे जा. नुसते एक पिवळे पान नेऊ नका. रोगट आणि निरोगी, दोन्ही झाडांचे अवयव न्या. शक्य असेल तिथे मूळ मातीसकट घ्या. नमुना कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये तो घामटून सडतो. वहीत चार गोष्टी लिहा : कोणता अवयव, झाडावर कोणत्या उंचीला, कधीपासून, आणि त्याआधीच्या पंधरवड्यात काय दिले. खताच्या पावत्याही सोबत असू द्या.

दर आठवड्याला एक दिवस ठरवून बागेत रिकाम्या हाताने न जाता ब्लेड आणि भिंग घेऊन जा. वेगवेगळ्या जागची पाच झाडे निवडा, मूळ, खोड, पान, फूल, फळ या क्रमाने पाहा आणि दिसले ते लिहा. घरातल्या सातवी-आठवीच्या मुलालाही सोबत न्या, पुस्तकातली आकृती त्याला त्याच बांधावर पाठ होईल. आणि पुढच्या वेळी काउंटरवर उभे राहाल तेव्हा "काय फवारू?" याच्या आधी नेमका कोणता अवयव बिघडला आहे, तो दाखवा.